पैशाचा माग काढणारे कायदे आणि रेंगाळणारे खटले

फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स, म्हणजे बातम्यांत जिचा उल्लेख 'एफएटीएफ' असा होतो त्या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारताविषयीचा मूल्यमापन अहवाल 19 सप्टेंबर 2024 रोजी प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्याकडे त्याचे स्वागत जवळजवळ एका सुरात झाले. मनी लाँडरिंग आणि दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा रोखण्याच्या कामात भारताला 'नियमित पाठपुरावा' या सर्वांत वरच्या गटात स्थान मिळाले. जी-20 देशांपैकी त्या गटात भारताखेरीज ब्रिटन, फ्रान्स आणि इटली एवढेच देश होते. संस्थेच्या 40 शिफारशींपैकी 37 भारताने पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी पाळल्या आहेत, असा निर्वाळाही मिळाला. हे कौतुक खोटे नाही. परंतु त्याच अहवालात, दोन्ही प्रकारच्या गुन्ह्यांचे खटले चालवून ते शेवटास नेण्याच्या बाबतीत मोठ्या सुधारणांची गरज आहे, असेही स्वच्छ लिहिले आहे, आणि त्या वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मी बँकेत नोकरी केली आणि तिथली शेवटची काही वर्षे संशयास्पद व्यवहारांची छाननी करणाऱ्या विभागात काढली, त्यामुळे मला ते वाक्य अजिबात अनपेक्षित वाटले नाही. माहिती जमवायची, खाती गोठवायची, मालमत्तेवर टाच आणायची इथपर्यंत आपली यंत्रणा झपाट्याने चालते आणि न्यायालयाच्या दाराशी येऊन थबकते.

हा दोष आजचा नाही. दहशतवादाचा पैसा आणि हवाला यांची गाठ भारतात पहिल्यांदा जाहीरपणे पडली ती 1991 मध्ये, आणि तेव्हाही गोष्ट अशीच संपली होती. त्या वर्षी मार्चमध्ये दिल्लीत हिजबुल मुजाहिदीनशी संबंध असल्याच्या संशयावरून एकाला अटक झाली. काश्मीरमधल्या अतिरेक्यांना हवालामार्गे पैसा कसा पोहोचतो याचा शोध घेता घेता सीबीआय उद्योजक जैन बंधूंपर्यंत गेली, आणि तिथे ज्या वह्या सापडल्या त्यांत आद्याक्षरांपुढे रकमा लिहिलेल्या होत्या. ती आद्याक्षरे बड्या राजकारण्यांची आणि अधिकाऱ्यांची असल्याचा आरोप झाला. तपास मात्र थंडावला. पत्रकार विनीत नारायण यांनी 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे तो हलला. पुढे 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की सुट्या कागदांना 'हिशेबाची पुस्तके' म्हणता येत नाही आणि वह्यांतल्या नोंदी स्वतंत्र पुराव्याशिवाय कोणावरही दायित्व लादायला पुरेशा नाहीत; राजकारण्यांवरचे आरोप तिथेच गळून पडले. या सगळ्या प्रकरणातून पदरात पडले ते 18 डिसेंबर 1997 चे निकालपत्र, ज्यात केंद्रीय दक्षता आयोगाला वैधानिक दर्जा द्यावा आणि सीबीआय व सक्तवसुली संचालनालय, म्हणजे ईडी, यांच्या प्रमुखांना किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ मिळावा, असे आदेश होते. ज्या अर्थपुरवठ्याच्या शोधापासून सुरुवात झाली, तो विषय मात्र राजकीय धुरळ्यात बाजूलाच राहिला. दहशतवादाच्या नावाने सुरू झालेला तपास दुसऱ्याच दिशेला वळण्याची आपली ही खोड मला तेव्हापासूनची वाटते.

त्या काळी मनी लाँडरिंग असा वेगळा गुन्हाच आपल्याकडे नव्हता. होता तो परकीय चलनाचा 1973 चा 'फेरा' कायदा. एफएटीएफची स्थापना 1989 मध्ये पॅरिसला भरलेल्या जी-7 परिषदेत झाली आणि तिचा पहिला रोख अमली पदार्थांच्या पैशावर होता. आपल्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या प्रस्तावनेतही संयुक्त राष्ट्रांच्या 1990 आणि 1998 च्या ज्या ठरावांचा आधार घेतला आहे, त्यांचा उगम अमली पदार्थांच्या प्रश्नातच आहे. हा कायदा 2002 चा म्हणून ओळखला जातो, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी जानेवारी 2003 मध्ये मिळाली आणि तो अमलात आला 1 जुलै 2005 रोजी. त्याआधीच न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले होते, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 28 सप्टेंबर 2001 रोजी 1373 क्रमांकाचा ठराव करून दहशतवाद्यांची मालमत्ता गोठवणे सर्व देशांवर बंधनकारक केले होते, आणि एफएटीएफनेही दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याचा विषय आपल्या कक्षेत घेतला होता. भारताने 2004 च्या नोव्हेंबरात बँकांचे अहवाल तपासणारे फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, म्हणजे एफआययू, स्थापन केले, बेकायदा कृत्ये रोखणाऱ्या 'यूएपीए' कायद्यात एकापाठोपाठ एक दुरुस्त्या केल्या, आणि जून 2010 मध्ये एफएटीएफचे पूर्ण सदस्यत्व मिळवले.

मनी लाँडरिंग आणि दहशतवादाचा अर्थपुरवठा या दोन गोष्टी सरकारी भाषणांत नेहमी जोडीने येतात, परंतु बँकेच्या पडद्यावर त्या एकमेकींसारख्या मुळीच दिसत नाहीत. पहिल्या प्रकारात गुन्ह्यातून आलेला पैसा धुऊन स्वच्छ करायचा असतो, म्हणून तो मोठा असतो, फिरतो, कंपन्यांच्या नावांनी वेष पालटतो आणि शेवटी जमीन, इमारत किंवा सोने होऊन बसतो. दुसऱ्या प्रकारात पैसा पुष्कळदा मुळातच स्वच्छ असतो, कोणाच्या तरी पगारातला किंवा देणगीतला, आणि मलिन असतो तो त्याचा उद्देश. शिवाय रक्कम इतकी किरकोळ असते, की संशय यावा असे तिच्यात काही नसते.

मुंबईवरच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याचेच पाहा. दहाही हल्लेखोरांना पाकिस्तानातून ज्या इंटरनेट फोनवरून सूचना मिळत होत्या, ती सेवा अमेरिकेतल्या एका कंपनीची होती आणि ती चालू करण्यासाठीचे पैसे हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातल्या एका मनी ट्रान्सफर दुकानातून, भलत्याच माणसाच्या ओळखीवर, पाठवले गेले. रक्कम होती सव्वादोनशे डॉलरच्या आसपास. 166 माणसांचा जीव घेणाऱ्या कटातला हा एक दुवा, आणि तो कुठल्याही देशातल्या कुठल्याही मर्यादेखाली सहज बसणारा. हल्ल्याआधी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला मुंबईत बस्तान बसवण्यासाठी त्याच्या पाकिस्तानी सूत्रधाराने 25,000 डॉलर दिले होते, आणि त्याने ताडदेवला इमिग्रेशनचे कार्यालय थाटले होते. आपल्याकडच्या दहशतवादाच्या अर्थकारणात ही त्यातल्या त्यात घसघशीत रक्कम म्हणायची. अलीकडचे उदाहरण एफएटीएफच्याच जुलै 2025 च्या अहवालात आहे: गोरखनाथ मंदिरावर एप्रिल 2022 मध्ये हल्ला करणाऱ्या आरोपीने 'आयसिस'च्या समर्थनार्थ पेपालमार्फत परदेशात जवळपास 6 लाख 70 हजार रुपये पाठवले होते, तेही चाळीसहून अधिक वेगवेगळ्या व्यवहारांत विभागून. त्याच अहवालात फेब्रुवारी 2019 च्या पुलवामा हल्ल्याचाही उल्लेख आहे, ज्यातल्या स्फोटकासाठीची ॲल्युमिनियम पावडर ई-कॉमर्सच्या संकेतस्थळावरून मागवली होती. सरासरी पंधरा-सोळा हजारांच्या अशा तुकड्यांना आणि घरपोच आलेल्या एका खोक्याला हटकणारा नियम कोणता लिहायचा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुठल्याच परिपत्रकात सापडलेले नाही.

नियम आहेत ते असे. दहा लाखांपेक्षा अधिकचा रोख व्यवहार झाला, किंवा एकाच महिन्यात एकमेकांशी जोडलेले दिसणारे छोटे रोख व्यवहार मिळून दहा लाखांच्या वर गेले, तर बँकेने त्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत एफआययूला द्यायचा. बनावट नोट सापडली तर तिचाही वेगळा अहवाल. पाच लाखांवरची रक्कम सीमेपार गेली वा आली तर तिचाही. या सगळ्यांहून महत्त्वाचा तो संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, म्हणजे 'एसटीआर', ज्याला रकमेची मर्यादाच नाही आणि जो फसलेल्या व्यवहारालाही लागू होतो. मुख्य म्हणजे, असा अहवाल पाठवला आहे हे ग्राहकाला कळू द्यायचे नाही. रोज काउंटरवर येऊन चहापाण्याची विचारपूस करणाऱ्या माणसाविषयी आपण काल दिल्लीला काय लिहून पाठवले, हे मनात ठेवून त्याच्याशी पूर्वीसारखेच बोलत राहणे, हा या नोकरीतला सर्वांत अवघड भाग असतो.

प्रत्यक्षात सुरुवात होते ती संगणकाने काढलेल्या 'अलर्ट'पासून. पॅन क्रमांक द्यावा लागू नये म्हणून 49,000 किंवा 49,500 रुपये एका दिवशी या शाखेत, दुसऱ्या दिवशी त्या शाखेत भरणारी खाती संगणक बरोबर वेचून काढतो. वर्षभर दोन-चार हजारांच्या पुढे न गेलेल्या बचत खात्यात एकाएकी दहा ठिकाणांहून पैसे येऊन त्याच संध्याकाळी एटीएममधून निघून गेले, तर तेही त्याच्या नजरेत येते. मात्र तो जितके पकडतो त्यातले बहुतेक निर्दोष असते, आणि खरे कौशल्य तिथे लागते. उसाच्या पट्ट्यातल्या शाखांमधून दसऱ्याच्या आधी अलर्टांचा पाऊस पडायचा, कारण कारखान्याकडून मिळालेली उचल वाहतूकदार त्याच दिवशी रोखीने काढायचे आणि ती मुकादमांमार्फत बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांना वाटली जायची. शहरात बसून ते खाते पाहणाऱ्याला, मोठी रक्कम जमा होते आणि काही तासांत रोखीने नाहीशी होते, म्हणजे पुस्तकात दिलेले संशयाचे लक्षण तंतोतंत जुळते. शाखेतल्या जुन्या रोखपालाला एक फोन केला, तर तो अर्ध्या मिनिटात सांगायचा, की हा अमक्या कारखान्याचा करार आहे आणि या माणसाच्या इतक्या गाड्या आहेत. त्याच फोनवर तोच रोखपाल कधी कधी असेही सांगायचा, की यंदा याने ट्रॅक्टर विकले, तरी खात्यातली उलाढाल दुप्पट झाली आहे, जरा बघा. हे ज्ञान कुठल्याही प्रणालीत भरता येत नाही. जिथे शाखा आक्रसल्या आणि दर तीन वर्षांनी माणसे बदलू लागली, तिथे ते नाहीसे झाले. मग चौकशीचा ससेमिरा नको म्हणून सरसकट अहवाल पाठवण्याची पद्धत पडली, आणि दिल्लीतल्या विश्लेषकांपुढे कागदी घोड्यांची पागाच उभी राहिली.

सध्या सर्वांत मोठी डोकेदुखी आहे ती भाड्याने दिलेल्या खात्यांची. 2024 च्या नोव्हेंबरात मालेगावचे प्रकरण गाजले, त्यात ईडीच्या म्हणण्यानुसार नोकरीचे आमिष दाखवून बेरोजगार तरुणांची कागदपत्रे घेतली गेली, त्यांच्या नावाने एका सहकारी बँकेत खाती उघडली गेली आणि अल्पावधीत त्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरले. कागदपत्रे खरी, माणसे खरी, अंगठे खरे. खोटा होता तो फक्त खात्याचा मालक. 'आपला ग्राहक ओळखा' या तत्त्वाची केवायसी नावाच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात परिणती झाली, की असे होते. रिझर्व्ह बँकेने अशी खाती हुडकण्यासाठी 'म्यूलहंटर' ही प्रणाली त्याच वर्षाच्या डिसेंबरात जाहीर केली. ती उपयोगी आहे, यात शंका नाही. पण ती व्यवहार सुरू झाल्यानंतरचे पाहते. खाते उघडताना समोर बसलेल्या मुलाला, 'तू करतोस काय आणि या खात्यात पैसे कुठून येणार आहेत?' हा एक प्रश्न विचारणाऱ्या माणसाला ती पर्याय होऊ शकत नाही.

सराफ बाजाराच्या बाबतीत सरकारची जी धरसोड झाली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. सोने हे काळ्या पैशाचे आवडते घर, हे झवेरी बाजारातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने जवाहिऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणणारी अधिसूचना काढली. सणासुदीच्या तोंडावर बाजारात ओरड झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती मागे घेतली गेली. तीन वर्षांनी, डिसेंबर 2020 च्या अखेरीस, दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांपुरती ती पुन्हा आली. दोन लाख आणि त्याहून अधिक रोख एका व्यवहारात स्वीकारायला आयकर कायद्याने 2017 पासूनच बंदी आहे, त्यामुळे कागदावर तरी दहा लाखांचा रोख व्यवहार होणे शक्य नाही, आणि जो होतो तो कागदावर येत नाही. एफएटीएफच्या अहवालानुसार देशात मौल्यवान धातू आणि रत्नांचे सुमारे 1,75,000 व्यापारी आहेत आणि त्यांपैकी रत्ने व दागिन्यांच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे नोंदणी असलेले जेमतेम 9,500. या क्षेत्रावरची देखरेख ही ज्या तीन शिफारशींत भारत मागे पडला त्यांपैकी एक आहे. बाकीच्या दोन म्हणजे देशांतर्गत राजकीय पदाधिकाऱ्यांच्या खात्यांवरची नजर आणि स्वयंसेवी संस्थांचे संरक्षण. आभासी चलनाच्या बाबतीत मात्र सरकार अधिक ठाम राहिले. मार्च 2023 मध्ये त्या व्यवसायाला कायदा लागू झाला, डिसेंबरात एफआययूने बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि जून 2024 मध्ये बायनान्सला 18 कोटी 82 लाखांचा दंड केला.

आता न्यायालयाच्या दाराशी येऊ. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याची ताकद त्याच्या काही असामान्य तरतुदींत आहे: ईडीचा अधिकारी खटल्याआधीच 180 दिवसांपर्यंत मालमत्तेवर तात्पुरती टाच आणू शकतो, त्याच्यापुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरता येतो, पैसा स्वच्छ असल्याचे सिद्ध करण्याचा भार बराचसा आरोपीवर पडतो, आणि आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी आधार आहे अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. जामिनाची ही अट सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये घटनाबाह्य ठरवली, सरकारने 2018 मध्ये कायद्यात बदल करून ती पुन्हा उभी केली, आणि 27 जुलै 2022 रोजी न्या. खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने विजय मदनलाल चौधरी प्रकरणात ती आणि जवळपास सगळ्याच तरतुदी वैध ठरवल्या. त्या निकालावर पुनर्विचार याचिका दाखल झाल्या आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल प्रकरणात न्यायालयाने अटकेची कारणे आरोपीला लेखी दिली पाहिजेत एवढे तरी बंधन घातले.

इतके अधिकार हातात असताना निष्पन्न काय झाले? संसदेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार 2014 ते 2024 या दशकात या कायद्याखाली 5,297 प्रकरणे नोंदली गेली आणि दोषसिद्धी झाली ती 40 प्रकरणांत. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने याच आकड्यांवर बोट ठेवले होते. घटनात्मक आव्हानांमुळे खटले खोळंबले आणि न्यायालयांवर आधीच कामाचा डोंगर आहे, ही जी कारणे एफएटीएफने नोंदवली आहेत, ती खरीच आहेत. मला मात्र आणखी एक कारण दिसते. कायदा आला तेव्हा, ज्या मूळ गुन्ह्यांतल्या पैशाला तो लागतो त्यांच्या अनुसूचीतल्या कित्येक गुन्ह्यांना 30 लाखांची मर्यादा होती; 2013 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बहुतांशी काढून टाकली आणि साध्या फसवणुकीच्या गुन्ह्यालाही हा कायदा जोडता येऊ लागला. अमली पदार्थ आणि दहशतवाद यांच्यासाठी घडवलेले हत्यार त्यामुळे व्यवसायातल्या भांडणांपासून निवडणुकीच्या राजकारणापर्यंत सगळीकडे चालू लागले. राजकारण्यांविरुद्ध दहा वर्षांत 193 प्रकरणे आणि त्यांत दोन दोषसिद्धी, हा सरकारनेच मार्च 2025 मध्ये संसदेत दिलेला हिशेब आहे. आरोप खरे असतील तर गुन्हेगार मोकळे आहेत, आणि खोटे असतील तर माणसे विनाकारण तुरुंगात राहिली. दोन्ही शक्यतांत कायद्याची पत जाते.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जप्तीतून पैसा परत मिळतो हे थोतांड नाही. विजय मल्ल्याची मालमत्ता विकून बँकांना 14,000 कोटींहून अधिक रुपये मिळाले, आणि पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतल्या नीरव मोदी घोटाळ्यातलेही हजारेक कोटी परत आले. काश्मिरी फुटीरतावादी नेता यासिन मलिकला दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याच्या प्रकरणात मे 2022 मध्ये जन्मठेप झाली, ती राष्ट्रीय तपास संस्थेने, म्हणजे एनआयएने, 2017 मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यात. म्हणजे मनावर घेतले तर पाच वर्षांत अशा गुंतागुंतीच्या खटल्याचाही निकाल लागू शकतो.

स्वयंसेवी संस्थांच्या बाबतीत मात्र मला सरकारचे धोरण उलट्या दिशेने गेलेले वाटते. परदेशी देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती मेळघाटात काम करणारी असो वा मिझोराममध्ये, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते उघडले पाहिजे, ही 2020 च्या दुरुस्तीतली अट सर्वांना एकाच तराजूत तोलते. एफएटीएफची शिफारस नेमकी याच्या विरुद्ध आहे: धोका कुठे आहे ते हुडका, तिथेच बंधने घाला, आणि बाकीच्यांच्या कामात अडथळा आणू नका.

एफएटीएफच्या 2024 च्या अहवालाने दाखवलेल्या त्रुटींवर भारताने काय केले, याचा आढावा तीन वर्षांनी, म्हणजे 2027 मध्ये होणार आहे. तोवर टाच आणलेल्या मालमत्तेचे कोटींतले आकडे ईडी अधूनमधून प्रसिद्ध करत राहीलच. मी पाहणार आहे तो वेगळा तक्ता: किती विशेष न्यायालयांत फक्त याच कायद्याचे खटले चालतात, त्यांत किती पूर्णवेळ सरकारी वकील आहेत, आणि आरोपनिश्चितीपासून निकालापर्यंत सरासरी किती महिने लागतात. हा तक्ता सध्या कोणी नियमितपणे प्रसिद्ध करत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अर्थ मंत्रालयाने तो दर तिमाहीला संसदेपुढे ठेवायला काहीच हरकत नसावी.